रेघ पुन्हा चढली! पर्स्पेक्टिव्ह आणि सुलेखन एकाच संध्याकाळी बिघडतं तेव्हा

लक्षण असं. आठ-दहा दिवस सुलेखनाचा आणि पर्स्पेक्टिव्हचा (जवळचं मोठं, लांबचं लहान दिसतं तसं चित्र काढण्याचा) सराव छान चालतो. मग एका संध्याकाळी शिरोरेषा उजवीकडे चढायला लागते, वेलांट्या उंटासारख्या माना काढतात, ओळीच्या शेवटची अक्षरं सुरुवातीच्या अक्षरांची भावंडं वाटत नाहीत. त्याच संध्याकाळी दुसऱ्या पानावर काढलेलं कौलारू घर वरच्या बाजूला फुगतं आणि मागे रेलल्यासारखं दिसतं. दोन दिवस नेट लावून बसलं की सुधारतं. चौथ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

माझं हे दोन वर्षं चाललं होतं. मी बेळगावातल्या वडगावचा, यंत्रमागाच्या घरातला. शाळेत ड्रॉइंगची लोअर परीक्षा दिली, पुढची हायर राहून गेली, आणि मग वयाच्या अडतिसाव्या वर्षी पुन्हा पेन्सिल धरली. वर्ग नाही, सर नाहीत. ज्याला विचारावं तो म्हणायचा, ‘हात बसायला वेळ लागतो.’ ऐकून बरं वाटतं, पण त्यानं दुरुस्त काही होत नाही. हात बसला नसता तर रोजच वाईट आलं असतं. माझं काही दिवशी चांगलं यायचं आणि काही दिवशी वाईट. मागाचं कापड असं एक दिवसाआड बिघडायला लागलं तर आपण कारागिराच्या हाताला दोष देत नाही, आधी ताणा, म्हणजे मागावरचे उभे ताणलेले धागे, बघतो.

म्हणून मी एक साधं काम केलं. प्रत्येक पानाच्या मागे लिहायला लागलो: कुठे बसलो, किती वाजता, कोणता कागद, कोणती निब, दिवा कुठल्या बाजूला. तीन आठवड्यांनी पानं पसरून पाहिली. नवी निब असो की जुनी, कागद महाग असो की झेरॉक्सचा, त्यानं फरक पडत नव्हता. रात्री जेवणाच्या टेबलावर केलेली पानं वाईट होती. रविवारी किल्ल्यात, कमल बसदी या जुन्या जैन मंदिराच्या पायरीवर मांडीवर पॅड टेकवून केलेली पानं चांगली होती. मला वाटलं, उजेडाचा प्रश्न. टेबलावर मोठा दिवा आणला. पानं तशीच वाईट, फक्त आता स्पष्ट दिसायला लागली.

उलगडा झाला तो आमच्या गल्लीतल्या पेंटरमामांमुळे. फ्लेक्स यायच्या आधी त्यांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. माझी पानं त्यांना दाखवली. त्यांनी अक्षरांकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

“लेका, तू बसतोस कुठं?”

“टेबलावर, मामा. खुर्ची आहे चांगली.”

“खरं कागद कसा ठेवतोस? आडवाच की नाही? मी कधी आडव्या बोर्डावर अक्षर काढलेलं बघितलास काय?”

नव्हतं बघितलं. पाटी भिंतीला टेकवलेली, मामा समोर स्टुलावर, डोळे पाटीच्या बरोबर मध्यावर. असंच दिसायचं नेहमी.

चौकोनाची चाचणी

खात्री करायची असेल तर आत्ता करून पाहा. ए-थ्री आकाराचा कागद टेबलावर सपाट ठेवा. पट्टी न लावता, नजरेच्या अंदाजानं, खाली पोटाजवळ एक चौरस काढा आणि कागदाच्या वरच्या टोकाला दुसरा. साधारण १० सेंटिमीटरचे पुरेत. आता उठून कागद भिंतीला लावा आणि सहा फुटांवरून पाहा. माझा खालचा चौरस बऱ्यापैकी चौरस होता. वरचा १० रुंद आणि साडेअकरा उंच निघाला.

कारण सरळ आहे. सपाट कागदाकडे आपण तिरकं बघतो, त्यामुळे कागदाचा लांबचा भाग डोळ्याला दबलेला दिसतो. दबलेला दिसतो म्हणून हात तिथे नकळत उंची वाढवतो. म्हणजे पर्स्पेक्टिव्ह काढायला बसलेल्या माणसाला त्याचा स्वतःचा कागदच पर्स्पेक्टिव्हमध्ये दिसत असतो! घर वर फुगतं ते यामुळे, आणि वेलांट्या उंच होतात त्याही यामुळे. किल्ल्यात पॅड मांडीवर तिरकं असायचं, नजर त्यावर जवळजवळ काटकोनात पडायची, म्हणून तिथे दोन्ही बरं यायचं.

उपाय फुकटचा. कागदाखाली फळी घ्या आणि ती मागून उचला. मी मागाच्या जुन्या फळीखाली दोन विटा ठेवून काम भागवलं. रेखाटनाला फळी चांगली उभी चालते, अगदी ४५ अंशांपर्यंत. सुलेखनाला मात्र इतकी उभी नको, ओली शाई ओघळून अक्षराच्या तळाशी थेंब धरते. तिथे एक वीट पुरते, म्हणजे वीस-पंचवीस अंश. ज्यांना हे नको त्यांनी निदान दर दहा मिनिटांनी कागद उभा करून लांबून पाहावा. मी पहिले पंधरा दिवस मोबाईलवर दहा मिनिटांचा गजर लावत होतो. घरच्यांना वाटायचं, कुकर लावलाय.

फळी उचलल्यावर माझ्या निम्म्या तक्रारी गेल्या. उरलेल्या निम्म्यांची कारणं वेगवेगळी होती, आणि ती फळीच्या दोषाखाली झाकली गेली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा, असं जे सांगतात ते याचसाठी.

शिरोरेषा चढते ती कोपरामुळे

फळी तिरकी केल्यावरही माझी ओळ चढायचीच. आधी सरळ, मग चढण, शेवटी किंचित उतार. पट्टी लावून पाहिलं तर तो चक्क कमानीचा तुकडा होता. कोपर टेबलावर रोवून हात फिरवला की मनगट वर्तुळातच फिरणार. कंपासचं टोक रोवल्यावर सरळ रेघ कशी येईल?

पेंटर लोक पाटीवर आधी सूत मारतात. खडूत घोळवलेला दोरा दोन टोकांना ताणून चिमटीत उचलायचा आणि सोडायचा. पाटीवर पांढरी रेघ. अक्षर त्या रेघेला टांगायचं. आपण कागदावर पेन्सिलीची फिकी रेघ आखतो, तेही चालतं, पण रेघ आखूनही हात तिच्यापासून सुटतो तो वरच्या कारणानं. म्हणून हात ओळीवर पुढे पुढे नेण्याऐवजी कागदच डावीकडे सरकवायचा. दोन शब्द झाले की सरकवा. लिहायची जागा कायम छातीच्या मध्यासमोर राहिली पाहिजे. मी फळीवर तिथे लाल चिकटपट्टीचा तुकडा लावलाय. निब त्या पट्टीच्या वीतभर उजवीकडे गेली की थांबायचं.

निबेची दिशा: इथे बहुतेक जण अडकतात

हा भाग जरा सविस्तर लिहितो. माझं पहिलं सबंध वर्ष इथेच वाया गेलं.

दुकानात मिळणारा कॅलिग्राफीचा सेट मुळात रोमन लिपीसाठी असतो. त्यातली कटनिब, म्हणजे रुंद सपाट टोकाची निब, उजव्या हातात सहज धरली की तिची धार कागदावर डावीकडे खालून उजवीकडे वर अशी तिरकी बसते. देवनागरीची परंपरागत धार याच्या बरोबर उलट, डावीकडे वरून उजवीकडे खाली अशी असते. परिणामही उलटा. रोमनमध्ये वरून डावीकडून खाली उजवीकडे येणारी तिरपी रेघ भरदार. देवनागरीत ती बारीक, आणि वरून उजवीकडून खाली डावीकडे उतरणारी भरदार. ‘त’ घ्या. कान्यापासून निघून डावीकडे उतरणारा बाक भरलेला हवा, आणि तो वळून उजवीकडे खाली जाताना निमुळता व्हायला हवा. माझा ‘त’ वर्षभर उलटा होता, वर रोड आणि शेपटीला जाड. अक्षर वाचता येत होतं, म्हणून चूक लक्षात आली नाही. दिसायला ते परक्या गावात वाढलेल्या पोरासारखं होतं, बोलतं मराठीच, पण हेल वेगळा.

आणखी एक चूक केली. संगणकावर मंगल फॉन्टमधली अक्षरं मोठी छापून त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवत बसलो. मंगल अक्षररचनाकार र. कृ. जोशींचा, अक्षरांची बैठक शिकायला त्यात वाईट काही नाही. पण तो पडद्यावर वाचण्यासाठी केलेला फॉन्ट. बाह्यरेषा गिरवून अक्षराचा आकार कळतो, ते कुठून कुठे ओढलं हे कळत नाही. ओढ शिकायची तर कुणाचा तरी हात चालताना पाहावा लागतो. अच्युत पालवांसारख्या सुलेखनकारांची प्रात्यक्षिकं पाहताना मी आता अक्षर बघत नाही, बोटांत पेन किती अंशात धरलंय आणि ते वळतंय का, एवढंच बघतो.

उलट्या छाटाची निब मिळाली तर घ्या. नाहीतर बोरू, म्हणजे बांबूची किंवा नळाची लेखणी, तासा. माझा बोरू खानापूरच्या बाजूनं आणलेल्या बारीक बांबूचा आहे. देवनळाचा मिळाला तर आणखी चांगला, तासायला मऊ. करंगळीएवढ्या जाडीचं, पूर्ण वाळलेलं, दोन पेरांमधलं सरळ कांडं घ्यायचं. एका टोकाला लांब तिरकं तासून जीभ काढायची, दोन्ही बाजू घासून ती हवी तेवढी रुंद ठेवायची, मग मधोमध उभी चीर. शेवटी टोकाला छाट द्यायची. लिहायच्या स्थितीत धरून वरून पाहिलं तर डावा कोपरा पुढे आणि उजवा मागे असा तिरका छाट हवा. छाट काचेच्या किंवा जुन्या टाइलच्या तुकड्यावर ठेवून एका दाबात द्या. दोनदा दाब दिला की धार दातरी होते. पहिले पाच-सहा बोरू फुकट जातात, त्याची खंत करू नका. सातव्यानं मला आठ महिने साथ दिली. मित्र मला बोरूबहाद्दर म्हणायला लागले, त्यातला टोमणा कळूनही मी मनावर घेतलं नाही.

आता चाचणी. शाई घेतली की आधी अक्षर काढू नका. एक आडवी रेघ, एक उभी रेघ आणि एक टिंब काढा. धार ४५ अंशांवर असेल तर आडवी आणि उभी रेघ सारख्याच जाडीची येते, म्हणजे शिरोरेषा आणि काना एकमेकांना शोभतात. शिरोरेषा जाड आणि काना बारीक आला तर धार उभी झाली आहे. काना जाड आणि शिरोरेषा रोड, तर धार आडवी पडली आहे. टिंब कोपऱ्यावर उभ्या चौकोनासारखं दिसायला हवं. हीच तीन चिन्हं ओळीच्या शेवटी पुन्हा काढा. सुरुवातीची बरोबर आणि शेवटची चुकलेली असतील तर लिहिता लिहिता पेन अंगठ्याखाली गोल फिरतंय. ओळीच्या शेवटची अक्षरं निराळी दिसतात त्याचं हे खरं कारण. गोल बोरू हमखास फिरतो. मी त्यावर अंगठा टेकतो तिथे चाकूनं एक सपाट खाच केली आहे. अंगठा खाचेतून सुटला की लगेच कळतं.

उंचीबद्दल थोडक्यात. मी शिरोरेषेपासून तळापर्यंत पाच निबा (निबेच्या रुंदीच्या पाचपट) धरतो, वर मात्रांना दोन, खाली उकाराला दोन. तुम्ही सहा धरा, काही बिघडत नाही. पण निब बदलली की आखणीही बदला. रुंद निब घेऊन जुन्याच आखणीत लिहिलं की ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ची पोटं बुजतात आणि पुन्हा आपण हाताला शिव्या देतो.

पावसाळ्यातली शाई

जून ते सप्टेंबर आमच्याकडे कपडे वाळत नाहीत, तर कागद कुठून कोरडा राहणार! शाई तंतू धरून फुटते, अक्षराला मिशा येतात. झेरॉक्सचा कागद सगळ्यात आधी दगा देतो. कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवा, शाईत डिंकाच्या पाण्याचे थेंब घालून ती किंचित दाट करा आणि कागदावर खडूची पूड हलक्या हातानं फिरवून झटकून टाका. एवढं पुरतं.

क्षितिज आधी, घर नंतर

आता पर्स्पेक्टिव्ह. मराठीत त्याला यथार्थदर्शन म्हणतात, पण गल्लीत कुणी म्हणत नाही. फळी तिरकी केल्यावरही घर विचित्र दिसत असेल तर दोनच ठिकाणी संशय घ्या: नजरेची पातळी, आणि लोपबिंदूंमधलं अंतर (लांब जाणाऱ्या समांतर रेघा चित्रात जिथे मिळतात तो लोपबिंदू).

नजरेची पातळी म्हणजे तुमच्या डोळ्यांच्या उंचीवरून जाणारी आडवी रेघ. तुमच्यापासून लांब जाणाऱ्या जमिनीला समांतर रेघा तिच्यावरच जाऊन मिळतात. नवशिक्या आधी घर काढतो आणि मग मागे क्षितिज चिकटवतो. मी तेच करायचो. शनिवारी खडेबाजारात कडेला उभं राहून गर्दीकडे पाहा. रस्ता सपाट असेल आणि तुम्ही उभे असाल तर तुमच्याएवढ्या उंचीच्या सगळ्या माणसांचे डोळे एकाच रेघेत दिसतात, जवळच्यांचेही आणि पार लांबच्यांचेही. लांबची माणसं छोटी होतात ती पायांकडून वर आखडत. माझ्या चित्रात लांबच्या माणसांची डोकी खाली घसरायची आणि सगळी गर्दी खड्ड्यात उतरल्यासारखी दिसायची.

याची सगळ्यात सुंदर तपासणी टिळकवाडीच्या रेल्वे गेटावर होते. आपल्याकडच्या ब्रॉडगेज रुळांमधलं अंतर १.६७६ मीटर. साडेपाच-पावणेसहा फूट उंचीच्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १.६ मीटरवर. म्हणजे दोन्ही मापं जवळजवळ सारखी. त्यामुळे रस्ता आणि रूळ एकाच पातळीवर असतात अशा गेटाबाहेर उभं राहून रुळांच्या दिशेनं सरळ पाहिलं तर कुठल्याही अंतरावर रुळांमधली रुंदी आणि त्या जागेपासून क्षितिजापर्यंतची उंची जवळपास सारखीच दिसते. हात ताठ करून पेन्सिलीवर अंगठ्यानं माप घ्या आणि पेन्सिल आडवीची उभी करा. जवळ मोजा, लांब मोजा, जुळतं. मला हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा गेट उघडून मागचे रिक्षावाले हॉर्न देत होते आणि मी पेन्सिल उभी-आडवी करत उभा होतो. गेट बंद असताना बाहेरूनच बघा, चित्रासाठी रुळावर जायची गरज नाही. तुमच्या वहीतले रूळ या मापात बसत नसतील तर क्षितिज चुकीच्या उंचीवर आहे. रूळ पुसू नका, क्षितिज हलवा.

दुसरा संशयित, लोपबिंदू. घराचा कोपरा आपल्याकडे असतो तेव्हा दोन बाजूंच्या रेघा दोन वेगळ्या बिंदूंकडे जातात. वही छोटी, म्हणून आपण दोन्ही बिंदू कागदातच कोंबतो. मग घराचा पुढचा कोपरा नांगराच्या फाळासारखा अंगावर येतो. ओळखायची खूण: खोक्याच्या वरच्या पृष्ठाचा आपल्याकडचा कोपरा गुण्या लावून मोजा. तो ९० अंशांपेक्षा कमी भरला तर बिंदू खूपच जवळ आहेत. काटकोनी खोकं तसं दिसूच शकत नाही. दोन बिंदूंमध्ये चित्राच्या रुंदीच्या अडीच-तीन पट अंतर ठेवलं की नजरेला त्रास होत नाही. आडव्या ए-फोरची रुंदी २९.७ सेंटिमीटर, म्हणजे बिंदू एकमेकांपासून ७५-९० सेंटिमीटर लांब, कागदाच्या पार बाहेर.

आमच्या घरात याला उपाय तयारच होता. मोठ्या प्लायवर कागद मध्ये चिकटवायचा, लांब दोन्हीकडे एक-एक खिळा ठोकायचा आणि खिळ्याला मागाचं सूत बांधायचं. सूत ताणून घराच्या कोपऱ्यावर आणलं की रेघ कुठून जाणार ते आपोआप दिसतं. पट्टीपेक्षा लवकर होतं. वडिलांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, “शेवटी ताणाच लावलास की!” उभ्या रेघांना मात्र सूत नको. आपण सरळ समोर बघत असू तर भिंती उभ्याच राहतात, गवंड्याच्या ओळंब्यासारख्या. मोबाईलच्या फोटोवरून काढणाऱ्यांनी जपून: मान वर करून काढलेल्या फोटोत भिंती वर जाऊन एकमेकींकडे झुकतात, आणि कॅमेरा रुंद कोनाचा असल्यानं कडेच्या इमारती ताणल्या जातात. तो फोटो जसाच्या तसा उतरवून वर ‘माझं घर कलतंय’ म्हणू नये.

कौलांचं छप्पर

शहापूर-वडगावच्या जुन्या गल्ल्या काढायच्या म्हणजे कौलं आलीच, आणि इंटरनेटवरचे धडे बहुतेक सगळे सपाट छपरांच्या खोक्यांवर थांबतात. दोन चुका मी पुन्हा पुन्हा केल्या. पहिली आढ्याची. समोरच्या तिरक्या भिंतीचा मध्य मी पट्टीनं मोजून काढायचो आणि त्यावर आढ्याचं टोक ठेवायचो. लांब जाणाऱ्या भिंतीचा दिसणारा मध्य पट्टीच्या मध्यावर नसतो, तो पलीकडच्या बाजूला सरकतो. भिंतीच्या चौकोनाचे दोन कर्ण काढा. ते छेदतात तिथून उभी रेघ वर न्या, आढं त्या रेघेवर. खिडक्या किंवा खांब सारख्या अंतरावर हवे असतील तरी हीच कर्णांची युक्ती कामाला येते.

दुसरी चूक उताराची. छपराची जवळची पाखाडी, म्हणजे उतरती बाजू, एका कोनात, लांबची दुसऱ्याच कोनात, सगळं अंदाजपंचे. उतार जमिनीला समांतर नसतो, म्हणून त्याच्या रेघा क्षितिजावर मिळत नाहीत, पण त्या एकमेकींना समांतर असतात, म्हणून कुठेतरी मिळतातच. ती जागा त्या भिंतीच्या लोपबिंदूच्या बरोबर वर असते, पलीकडे उतरणाऱ्या बाजूची बरोबर खाली. खिळ्याच्या वर ओळंब्यात आणखी एक खिळा मारा, झालं. हे कळायला मला सात महिने लागले आणि समजल्यावर सात मिनिटांत आठ छपरं बसली.

बेळगावात हे सगळं कुणाच्या कामात बघायचं तर चित्रकार रवी परांजपे (१९३५–२०२२) आपल्याच गावचे, चित्रकार के. बी. कुलकर्णींचे शिष्य, आणि इमारतींच्या रेखाटनांसाठी नावाजलेले. त्यांचं छापील काम मिळालं तर रंगांत रमण्याआधी एकदा पट्टी ठेवून रेघा कुठे जाऊन मिळतात ते शोधा. आणि खांबांचा सराव हवा तर कमल बसदी. १२०४ साली रट्ट राजघराण्याच्या काळात त्यांचा मंत्री बिचिराजानं बांधलेली, गोल घोटीव खांबांची. खाली बसून काढा. खांबावरच्या गोल कड्या नजरेच्या पातळीवर जवळजवळ सरळ रेघा दिसतात आणि वर जाल तसतशी लंबवर्तुळं उघडत जातात. सगळ्या कड्यांना एकच लंबवर्तुळ ठोकलं की खांब चपटा दिसतो.

दोन्ही विद्या एकाच पाटीवर

शेवटचा गोंधळ खास आपल्याकडचा. गल्ली काढायची म्हणजे दुकानांच्या पाट्या आल्या, आणि पाटीवर दोन लिपी. २०२४ पासून कर्नाटकात पाटीची ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते, त्यामुळे वर मोठं कन्नड आणि खाली मराठी अशी रचना सगळीकडे दिसते. चित्रात पाटी तिरकी जाते तेव्हा पाटीची चौकट लोपबिंदूकडे जाते, अक्षरं मात्र मी समोरून पाहिल्यासारखी सरळ लिहायचो. त्यामुळे पाटी भिंतीवर बसायचीच नाही, कुणी वरून स्टिकर चिकटवल्यासारखी दिसायची. आता शिरोरेषेलाही सूत लावतो, तळरेषेलाही, आणि काने सगळे उभे ठेवतो. लांबची अक्षरं उंचीनं कमी होतात तशीच रुंदीनंही दाबायची, हे विसरायला होतं.

कन्नड आणि देवनागरी एका ओळीत घेताना मी दोन्हींचे तळ जुळवायचो आणि मराठी शब्द वर तरंगल्यासारखा वाटायचा. कन्नड अक्षराला डोक्यावर छोटा तलेकट्टू असतो, आपल्याला सलग शिरोरेषा. तळ सोडा, ही दोन डोकी एका सुतात आणा. मामा म्हणाले, हे त्यांनी कधी ठरवून केलं नाही, सूत वर मारायची सवय होती म्हणून आपसूक जमत गेलं.

आता तक्रार एकच उरली आहे, आणि तिच्यासाठीच ही पोस्ट लिहायला घेतली होती. बेळगाव लिहिताना ‘ळ’ची दोन पोटं सारखी येत नाहीत. डावं बरोबर, उजवं दर वेळी सडपातळ. टिंबाची चाचणी केली, पेन फिरत नाही. फळी तिरकी आहे, कागद सरकवतो, छाट ताजा आहे. मला वाटतं, दोन पोटांच्या मध्ये हात क्षणभर थांबतो आणि तिथे धारेचा कोन बदलतो, पण पकडता येत नाहीये. मामा ‘ळ’ ब्रशनं दोन वेगळ्या ओढींत काढतात, बोरूनं तसं केलं की मला मधला सांधा दिसतो. तुमच्यापैकी बोरूनं लिहिणारे ‘ळ’ एका ओढीत काढतात की दोन? आणि दोन असतील तर दुसरी कुठून सुरू करता, वरून की सांध्यापासून?